पायथ्याकडून

पोप्रादच्या स्टेशनवर घेतलेलं खोकं:
हजार तुकडे, झाकणावर तात्रांचा फोटो,
सप्टेंबरचं ऊन, तळं,
आणि एकही ढग नसलेलं आभाळ,
जे मी तरी तिथं कधी पाहिलं नाही.

आधी कडा लावून घ्याव्यात, आई म्हणते,
आणि सरळ बाजूचे तुकडे बशीत वेगळे काढते.
बाबांच्या भाषेत कडा एकच,
माणूस जिथून पडतो तो.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला
आणि करडे तुकडे तेवढे पुढ्यात ओढले.

एकवीस वर्षं त्यांनी वरच्या कुटीवर ओझी वाहिली.
पाठीवर लाकडी चौकट, तिच्यावर
बटाटे, बिअरचं पिंप, गॅसची टाकी,
एकदा शिलाई मशीन,
एकदा नाताळचं झाड, जिथं झाड उगवत नाही तिथं.
साठ किलोंखाली वाकलेल्याला शिखर दिसत नाही.
बूट दिसतात. बुटापुढचा दगड दिसतो.

"हा मागचा सुळका कुठला?"
"आईला विचार."
"लोम्नित्स्की," आई म्हणाली, "एवढंही ठाऊक नाही?"
"वर बघायला सवड कुणाला होती,"
असं म्हणत बाबांनी नखाएवढा तुकडा बोटांत फिरवला
आणि झाकणाकडे न बघता बसवला.
"हा डुगडुगतो. डावा पाय टाकायचा नाही."
"हा पावसात साबण."
"ह्याच्यावर ओझं टेकवून एक सिगारेट."

अकरा वाजेतो डोंगर
पायथ्याकडून वर सरकत तळ्यापर्यंत आला.

एक तुकडा मात्र त्यांनी हातातच ठेवला.
तसाच करडा, कोपऱ्यात दगडफुलाचा पिवळा ठिपका.
आईनं पाहिलं, आणि चहा कुणालाच नको असताना
किटली ठेवायला उठली.
"एर्विनला इथं खाली टेकवलं होतं," बाबा म्हणाले.
"दमलो होतो सगळे. मग परत उचललं."
तुकडा बसला. टक् असा आवाज झाला.
हे नाव मी या घरात पहिल्यांदा ऐकलं.
आणखी काही विचारलं नाही.

"आभाळ तुझं," ते आईला म्हणाले
आणि झोपायला निघाले,
माडीच्या अकरा पायऱ्या,
मान खाली,
प्रत्येकीवर आधी नुसती टाच टेकवून बघत.

"तीनशे तुकडे, आणि सगळे एकाच निळ्याचे,"
आई पुटपुटली, आणि दिवा जवळ ओढला.