गेट नंबर दोन

भिंतीच्या आत काहीच नाही
आणि त्यावर माझा पहारा.
बारा तासांची पाळी, एक शिट्टी, एक बॅटरी,
आणि जाडी वही. रोज पहाटे लिहायचं, ‘सर्व ठीक’,
खाली सही, दत्ताराम गवाणकर.
चौदा वर्षं सर्व ठीक आहे.

जमीन आमचीच. हिस्सा नंबर तीन.
चार महिने गवत, आठ महिने तापलेला तवा.
मोजणीवाले म्हणाले, पडीक.
कागदावर तसंच होतं; वरच्या खाचरातली वरी
कागदावर उगवत नव्हती.
चेक आला तेव्हा सातबारावर नावं तेवीस.
माझ्या वाट्याचं एक जुनं इंजिन झालं,
तेही लतीफच्या होडीला, भागीत.

आता परत बातमी आहे.
जगाला म्हणे अणूची पुन्हा आठवण झालीय.
कोळसा नको, धूर नको,
आणि वीज तर हवी, आत्ता आहे त्याच्या दुप्पट हवी.
गेल्या मंगळवारी तीन गाड्या आल्या.
गेटची कडी गंजलेली, दगडाने ठोकून उघडली.
उतरले ते सगळे नकाशात बघत होते.
एक बाई तेवढी माझ्याकडे वळली,
‘इथे वारा कुठून येतो?’
म्हटलं, दुपारी समुद्राकडून, खारा.
पहाटे डोंगराकडून, मतलई.
तिने ते लिहून घेतलं.
चौदा वर्षांत मला
पहिल्यांदा कुणी काही विचारलं होतं.

जेटीवर लतीफने त्यांना गाठलं, ‘पाणी किती तापेल?’
साहेबांनी अंशात सांगितलं.
‘बांगड्याला अंश समजत नाही साहेब,
त्याला नुसतं समजतं.’
हाच लतीफ, लाईट गेली
की बर्फाच्या कारखान्यासमोर उभा राहून
सरकारच्या सात पिढ्या काढतो.
मी दोन्ही वेळा मान हलवतो.
दोन्ही वेळा खरीच हलवतो.

मृणाल डिप्लोमावाली, चाकणला पॅनेल जोडते.
फोनवर म्हणते, बाबा, भीती कसली, हिशेब बघा,
धुराने माणसं किती मरतात ते बघा.
गणपतीत आली तेव्हा माझ्या वहीच्या मागच्या पानावर
तिने अर्धायुष्य काढून दाखवलं,
अर्धं संपतं, मग उरलेल्याचं अर्धं,
मग त्याचंही. शून्य काही येत नाही.
म्हटलं, म्हणजे आपल्या प्रकल्पासारखंच.
ती पोट धरून हसली.
मी विनोद केला नव्हता.
तिची एक बॅग अजून उघडलेली नाही आमच्याकडे,
म्हणते, इथे सुरू झालं की परत येईन.

पश्चिमेला, खांब एक्केचाळीसच्या मागे,
कातळात कुणीतरी माणूस कोरलाय.
हात पसरलेले, डोकं नाही.
शेजारी मासा, होडीएवढा.
आम्ही त्याला राखणदार म्हणतो,
भिंत झाल्यापासून नारळ मीच ठेवतो,
ड्युटीत बसत नाही तरी.
अभ्यासक आले होते, म्हणाले, हजारो वर्षं.
कुणी काढला? माहीत नाही.
का काढला? तेही नाही.

मृणालला विचारलं, तुमची ती उरलेली राख
किती दिवस जपायची?
तिने सांगितलेला आकडा
या माणसाच्या वयाच्या पुढचा होता.
मग पाटी कुठल्या भाषेत लावणार गं?
फोनवर गाड्यांचे हॉर्न ऐकू येत राहिले.
‘त्यावर काम चालू आहे, बाबा.’

काल रात्री बॅटरी तिरकी धरली.
सरळ उजेडात तो दिसत नाही, सपाट कातळ होतो,
तिरका पडला की रेघा उठतात.
बराच वेळ बघत उभा राहिलो.
ते हात ‘या’ म्हणतात
की ‘पुढे येऊ नका’?
ज्याने कोरलं त्याला वाटलं असेल
यात न समजण्यासारखं काय आहे.

पाचच्या सुमाराला गवत समुद्राकडे झुकलं.
खाली खाडीत लतीफचं इंजिन खोकलं,
त्यातला अर्धा खोकला माझा.
वही उघडली. सर्व ठीक, लिहिलं.
मग कुणी सांगितलं नव्हतं तरी
त्याच्या खाली लिहिलं,
वारा, डोंगराकडून.