कान चुकतो

अब्बांना नेलं त्या दुपारी
स्वयंपाकघरात फुफूने माझ्या तोंडावर ओढणीचं टोक दाबलं.
"रडू नको गो बाय.
घरचे रडले की मय्यतीला अजाब होतो. हदीस आहे."
मी गिळलं. अकरा दिवस गिळत राहिले.
कप विसळले, शेजाऱ्यांचे डबे परत केले,
कामावर गेले.

माझं काम लोकांचे कान तपासण्याचं.
ब्लॅकबर्नच्या इस्पितळात, तळमजल्यावर
कपाटाएवढ्या बिनआवाजाच्या खोलीत माणूस बसवायचा,
डोक्यावर हेडफोन, हातात बटण.
आवाज आला की दाबा.
पुष्कळजण न आलेल्यालाही दाबतात.
कान रिकामी जागा भरून काढतो, तो त्याचा स्वभाव.
गिरणीत जन्म गेलेल्यांचा आधी 'स' जातो, मग 'फ', मग 'थ'.
अब्बांचा गेला होता. बावीस वर्षं रात्रपाळी,
मागांच्या दोन रांगांमध्ये.
आई म्हणायची साखर, त्यांना ऐकू यायचं आखर,
आणि ते विचारायचे, "कसला आखर? कोण गेलं?"
खोटं बोलत नव्हते ते.

रात्री तर्जुम्याचं कुराण उघडलं.
कुणी कुणाचं ओझं उचलणार नाही.
एका जागी नाही, पुन्हा पुन्हा.
मग माझ्या डोळ्यांचं ओझं
त्या माणसाच्या पाठीवर कसं, ज्याने
उभ्या जन्मात दुसऱ्याच्या सायकलवर पिशवी ठेवली नाही?
दोन्ही खरं कसं?
आणि दोन्हींतलं एक खोटं म्हणायला
माझी जीभ ती केवढी.

बाराव्या दिवशी पावणेदहाच्या वेळेला
मौलवी इस्हाक हुरजुक आले, पेशंट म्हणून.
उजवा कान. "मदरशातल्या पोरांची मेहेरबानी," म्हणाले.
मी आलेख दाखवला, मग विचारलं,
पाठमोरी, वायरी गुंडाळत.
ते अजून बटण धरून होते.
"हे तुमच्या आधी बीबी आयेशांना खटकलंय.
त्यांच्या कानावर ही हदीस गेली
तेव्हा त्यांनी हीच आयत पुढे ठेवली.
सांगणाऱ्यांना खोटं नाही ठरवलं.
म्हणाल्या, कान चुकतो."

वायर माझ्या हातात तशीच.

"पण घाई नका करू. पुष्कळांनी ती टाकली नाही.
कुणी म्हटलं, मागे रडारड घाला असं जो बजावून जातो
त्याची ही गोष्ट.
कुणी म्हटलं, अजाब म्हणजे शिक्षाच कशाला?
प्रवासालाही अजाबाचा तुकडा म्हटलंय.
मुंबईहून मँचेस्टरपर्यंत अवघडून बसलेला
काय गुन्हेगार असतो?
त्रास होतो, एवढंच.
आपलं माणूस रडतंय आणि उठता येत नाही."
दारात थांबून म्हणाले,
"आणि रसूलांचे डोळे स्वतःच्या लेकरावर वाहिले होते.
तेही त्याच किताबांत आहे."
गेले. फॉर्मवर सही करायची विसरून.

पहिलं उत्तर माझ्या धंद्यातलं. लगेच पटलं.
दुसरं घरी घेऊन आले,
आणि फुफूला अजून सांगितलेलं नाही
की मला तेच हवंय.
कारण त्रास होत असेल
तर ऐकू येत असेल.
ज्यांना आयुष्यभर समोर उभं राहून
ओठ मोठे करून हाक मारली
त्यांना आता प्लेझिंग्टनच्या ओल्या मातीखालून,
माझा चेहरा न बघता,
'स' सुद्धा.

शुक्रवारी सगळे गेल्यावर
त्या खोलीत बसले, जाड दार ओढून.
अब्बांचं कानाचं यंत्र पर्समध्ये होतं.
नवी बॅटरी घातली.
मुठीत धरलं की ते शिट्टी घालतं, बारीक,
त्यांना स्वतःला कधीच न ऐकू आलेली.
मग रडले.
त्यांना त्रास होऊ नये इतकं हळू,
आणि मध्येच, जरा मोठ्याने.