पाजारी

सिव्हिल लाइन्समध्ये कोर्टाबाहेर, कडुनिंबाखाली
माझं टायपिंगचं टेबल.
डावीकडे राजय्या कोंड्राचं.
बत्तीस वर्षं लोकांनी आम्हाला एकाच दमात हाक मारली,
बोकडेकोंड्रा,
जसं घेणंदेणं, जसं मीठमिरची.

मी चहाबिहा म्हणायचो, तो टी-गी.
गिऱ्हाईक नसलं की हात झटकून म्हणे, पनि-गिनि लेदु.
वाडीचे ट्रान्सपोर्टवाले सरदारजी ट्रकचे कागद आणत,
बसायच्या आधी विचारत, रोटी-शोटी हो गई?
अजनीच्या रेल्वे क्वार्टरातले लाहिरीबाबू
चा-टा घेत उभ्याउभ्याच,
आणि स्टँपवाला हमीदभाई, चाय-वाय.
टपरीवरून किटली यायची एकच.
मे महिन्यात, सेहेचाळीस डिग्रीत,
कुणाचं शेपूट खरं
हे भांडण आम्ही कोर्ट सुटेस्तोवर पुरवायचो.

देवलापारहून एक म्हातारा आला होता, वनजमिनीच्या दाव्यासाठी.
तुमच्या गोंडीत कसं म्हणता, मी विचारलं.
तो हसला. काहीतरी म्हणाला.
पुन्हा म्हणा म्हटलं, तर नाही म्हणाला.
माझ्या वहीत ती ओळ अजून कोरी आहे.

वकीलसाहेब सांगत, लिहा, नल अँड व्हॉइड.
राजय्या मला हळूच विचारी,
एकदा रद्द झालेलं पुन्हा काय रद्द करतात रे?
मी म्हणायचो, आपलं कागदपत्र तरी काय?
कागद फारशीतून चालत आला, पत्र इथलंच.
कुणीतरी दोघांना एका दोऱ्यात ओवलं
की याला नाही कळलं तर त्याला कळेल.

मग एकदा तांडापेठेतून देवकाबाई नेवारे आल्या,
फारकतीची यादी करायला.
पंखा एक. शिलाई मशीन, पाय तुटलेली.
"भांडे त्याले देऊन टाका," त्या म्हणाल्या,
"कुंडे मी ठेवतो."
माझी बोटं थांबली.
बाई, कुंडे म्हणजे काय?
"मले काय माहीत, बाप्पा.
पन भांड्याइतकेच वर्षं थे बी राहिले ना घरात."
राजय्याचंही मशीन थांबलं.
फी मात्र त्यांनी पूर्ण दिली, चिल्लर मोजून.

श्रावणात राजय्या टेबलावरच कलंडला.
मेडिकलच्या फॉर्मवर, रुग्णाशी नातं, या रकान्यात
मी शेजारी लिहिलं.
क्लार्क म्हणाला, घराचे?
नाही, टेबलाचा.
मग खोडून पाजारी लिहिलं.
त्यानं न वाचता शिक्का मारला.

आता तो काटोल रोडला, मुलाकडे.
उजवा हात उशीवर ठेवलेला असतो, कुणीतरी विसरून गेल्यासारखा.
शब्दांतले पहिले गेले, दुसरे तेवढे उरले.
सकाळी म्हणतो, गिन्नम.
दुपारी खिडकीकडे बघून, गिनि, गिनि.
सून म्हणते, काका, असंच अर्थ नसलेलं बोलत राहतात दिवसभर,
डॉक्टर म्हणाले, लक्ष देऊ नका.

परवा गेलो तर मला बराच वेळ बघत राहिला.
ओठ जुळवले, सोडले,
पुन्हा जुळवले.
गी, म्हणाला.

मी सुनेला म्हटलं,
दोन कप ठेव बेटा,
त्याचा बिनसाखरेचा.