रात्रीचा डेटा

बाराला चार मिनिटं असताना
वेझी मला पायानं ढोसते.
दिवसाचा डेटा महाग, रात्रीचा स्वस्त,
बारा ते पाच, पाचशे क्वाचा.
झोम्बातल्या या वसतिगृहाच्या
भिंतींनाही हे पाठ असेल.

बाराला सगळा मजला उठतो,
जणू कुणी नळाला पाणी सोडलंय
आणि मिळेल ते भांडं भरून ठेवायचंय.
टियामिके जिन्याच्या सातव्या पायरीवर बसते,
सहाव्यावर रेंज नाही.
कुणी बोलत नाही. चेहरे तेवढे निळे.

एक तास उतरवून घ्यायला अकरा मिनिटं लागतात.
आज मूत्रपिंड. शिकवणारी बाई कुठल्यातरी थंड देशातली,
तिच्यामागे खिडकीत बर्फ पडतंय
आणि ती म्हणते, समजा, तुमच्या घरचा नळ...
आम्ही समजतो.
आमचा नळ मंगळवारपासून कोरडा आहे.

मग पत्ते. त्या ॲपला आम्ही पत्तेच म्हणतो.
एका अंगाला प्रश्न, उलटलं की उत्तर,
खाली तीन बटणं:
सोपं, अवघड, विसरले.
अवघड दाबलं तर पत्ता उद्याच परत येतो.
वेझी पेंगायला लागली की खोटं बोलते,
सोपं, सोपं, सोपं,
आणि मनगटातली आठ हाडं
तीन आठवडे तोंड दाखवत नाहीत,
मग परीक्षेच्या आदल्या रात्री दारात उभी,
उधारी वसूल करायला आल्यासारखी.

माझा फोन मिनीबसमधून उतरताना पडला होता.
काचेवरचा तडा
हृदयाच्या चित्रात नेमका
खालच्या डाव्या कप्प्यातून जातो.
त्यामुळे तो कप्पा मी कधी चुकत नाही.

गुरुवारी वॉर्डात
पलंग नऊवर मायी चिसाले.
चिल्वा तळ्याकाठी सुकी मासळी विकणाऱ्या,
पाय सुजून भोपळ्याएवढे.
मी औषधाचं प्रमाण बघत होते,
इतक्या वजनाला इतकं,
ॲपनं सांगितलं की तेच पुन्हा तळहातावर पेननं,
सिस्टर न्यिरोंगो यंत्रावर विश्वास ठेवत नाहीत
आणि आमच्यावर तर नाहीच.

"खेळतेस होय गं?" मायी म्हणाल्या.

काय सांगणार. मी फोन त्यांच्याकडे वळवला.
रात्री उतरवलेलं हृदय
नेटशिवाय धडधडत होतं,
उघडझाप, उघडझाप.
त्यांनी तो हातात घेतला,
जरा खाली-वर केला, मासा जोखावा तसा.

"काळजाला तडा गेलाय की."
"तो फोनला, मायी."
"असं होय. मला वाटलं, माझंच दाखवतेस."

पलीकडच्या पलंगावरची पोरगी हसली.
मी हसले नाही, म्हणजे हसले, पण उशिरा.

"आणि हे तू विकत घेतलंस? रात्री?"
"पाचशे क्वाचाला."
त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला,
ओठ हलले.
"महाग नाही," म्हणाल्या,
"तेवढ्यात माझ्याकडे ओंजळभर मासळी येते.
आणि ती धडधडत नाही."

शनिवारी नऊवर दुसरंच कुणी होतं,
चादर बदललेली.
घरी नेलं, असं एकजण म्हणाला.
सिस्टरनी रजिस्टर मिटलं
आणि मला उकळतं पाणी आणायला पाठवलं.

त्या रात्री वेझीनं ढोसायच्या आधीच मी जागी होते.
ॲप म्हणालं, शाब्बास,
सलग एकेचाळीस दिवस!
मग पहिलाच पत्ता:
खालचा डावा कप्पा. काम काय?

मला येत होतं.
झोपेतून उठवलं असतं तरी आलं असतं.

मी अवघड दाबलं.