डॅशबोर्डामागचा हिरवा

हनोख चेऊलकर आले तेव्हा शटर अर्धंच वर होतं.
वाकूनच आत शिरले, वाकूनच सांगू लागले:
चोपन्नची प्लिमथ, वडिलांची,
एकतीस वर्षं रास्ता पेठेत गोडाउनात विटांवर उभी,
आणि रंग हवा कंपनीचा.
"अगदी कंपनीचा, बाई. अंदाजपंचे नको."

अंदाजपंचे.
माझे वडील याच काउंटरवर चमच्याने रंग मिसळायचे,
बोटावर घेऊन उन्हात धरायचे,
वहीत लिहायचे: पांढरा तीन वाट्या, निळा चिमूट,
काळा, दृष्ट लागू नये एवढा.
मी काही बोलले नाही. मशीनची काच पुसली.

त्यांच्याकडे कंपनीचं रंगपत्रक होतं,
बोटाच्या पेराएवढे चौकोन,
नेमकं आपल्या चौकोनाखालचं नाव कसरीने खाल्लेलं,
उरलं फक्त 'ग्रीन'.
बॉनेटखालच्या पाटीवरचा नंबर
कुणीतरी ग्राइंडर मारून घालवलेला.

मग खरवडणं आलं.
दारावर, वरून खाली:
पांढरा, कुणाच्या तरी निवडणुकीचा.
अंजिरी, लग्नांना भाड्याने जायची तेव्हाचा.
लांबी, प्रायमर, पुन्हा लांबी.
काळा. तो का, ते चेऊलकरांना माहीत नाही
(असावं. तेवढ्यापुरते ते रस्त्याकडे बघत होते).
आणि तळाशी,
भिजलेल्या मुगाची साल वाळली की होते
तसा एक निळसर, थकलेला.

"हा नव्हे. हा उन्हाने खाल्लेला."

सादिक मिस्त्री डॅशबोर्डाखाली उताणा शिरला,
ग्लोव्ह बॉक्स उपसून काढला, बॅटरी मागितली,
मग बराच वेळ गप्प.
तिथे वीतभर पत्रा होता
सत्तर वर्षं ऊन न लागलेला,
कैरीच्या देठाशी असतो तसा हिरवा,
इतका ताजा
की ओला आहे का म्हणून त्याने बोट लावून पाहिलं.

मशीनने डोळा टेकवला. आकडे आले.
हाच कंपनीचा. यात वादच नव्हता.

वाद आशदोदहून आला, फोनवर, चित्रासकट.
"हे काय, पोपट पाळलास? आपली गाडी निळी होती."
"हिरवी, एलिशेबा."
"निळी रे. बंड गार्डनच्या पुलावर संध्याकाळी तर निळीच."
भावाने पत्रक दाखवलं, आकडे वाचले.
बहीण म्हणाली,
"मी खिडकीत कोपर टेकून बसायचे.
माझ्या कोपराखालचा रंग तू मला सांगणार?"

तेव्हा मला हिशेब लागला.
वडिलांनी गाडी घेतली पासष्टात, सेकंडहँड.
तोवर तिच्यावरून अकरा उन्हाळे गेले होते.
कैरीचा हिरवा त्या घरात
कुणी पाहिलाच नव्हता.

गाडी कैरीच्या हिरव्यातच रंगली.
प्रदर्शनात तिला ढाल मिळाली.
परीक्षकांनी चष्मे वर करून पत्रकाशी ताडून पाहिली.
बरोबर होती. मीच केली होती,
बरोबरच होती.

रविवारी दुकान बंद ठेवून
मी दाराची एक खपली काउंटरवर घेतली,
वडिलांचा चमचा, तीन वाट्या.
मशीनवर फडकं तसंच.
बोटावर रंग घेऊन पायरीवर बसले
आणि ऊन पुलावरच्यासारखं तिरपं होईपर्यंत थांबले.
चिमूटभर निळा जास्त लागला.
काळा, दृष्ट लागू नये एवढा.

कोपर टेकेल एवढा पत्रा कापला,
दोन हात दिले, वाळवला, पुठ्ठ्यात बांधला.
सिटी पोस्टातल्या बाईंनी वजन केलं,
वर न बघता विचारलं, आत काय?
"पत्रा," मी म्हटलं.
त्यांनी वहीत लिहिलं: पत्र.

काना राहिला होता.
मी पावती घेतली आणि पायऱ्या उतरले.