नळाचा दिवस

रात्री साडेअकराला बेटावरून केरबा मुळेंचा फोन:
"समुद्र चालूय. रस्ते सगळे बंद."

परभणीत स्टेशन रोडला माझं दुकान.
तिरुपती, अजमेर, कधीमधी काशी.
समुद्राचं पॅकेज हे पहिलंच, अकरा माणसं,
त्यातली चार गोदावरीच्या पुढं न गेलेली.

म्हणालो, चौकात जाऊ नका.
गर्दीचा व्हिडिओ तर काढूच नका.
सरकार कुणाचं बरं, हे रिक्षावाल्याला विचारायचं नाही;
त्यानंच विचारलं तर म्हणा, आम्ही परभणीचे.
पासपोर्ट कमरेला. पैसे दोन जागी.
वकिलातीचा नंबर कागदावर उतरवून घ्या,
मोबाईल ऐन वेळी मरतो.

आणि पाणी?

केरबा हसले. तीन दिवसांत पहिल्यांदा.
"हिनं पहाटेच भरून ठेवलंय.
टब, बादली, कचऱ्याचा डबा घासून तोसुद्धा.
हॉटेलातलं पोरगं बघतच राह्यलं.
मी म्हणलं, अगं चहूकडं पाणीच हे की!
तर म्हणती, ते काय नळाचंय?"

चौथ्या दिवशी पोलीस गाडीच्या मागं बस निघाली.
माझ्या मोबाईलवर निळा ठिपका
सरकायचा, थांबायचा.
थांबला की मी दुकानाचं शटर अर्धं ओढायचो,
का, ते मला सांगता येणार नाही.

सगळे आले. शांताबाईंनी शंख आणला माझ्या लेकीला.
टब तसाच भरलेला ठेवून आल्या म्हणे,
मागून कुणी येईल.

बेटाचा बोर्ड अजून दारात आहे.
तारीख तेवढी पुसलीय ओल्या फडक्यानं.