एकास तीन

साखळीच्या भाड्याच्या खोलीत
रात्री दहानंतर फ्रिजवर वही ठेवून
उभ्यानं वाचतो मी.
बसलो की झोप येते,
आणि टेबलावर मनवाचा मातीचा हत्ती सुकतोय,
सोंड निखळलेला.
"पप्पा, हात लावू नको, अजून ओला आहे."

पेपर दुसरा : उघड्या खाणीची पद्धत.
बेंचची उंची किती, रुंदी किती,
वळणावर डंपरला किती जागा सोडायची.
हे मला पाठ नाही, माहीत आहे.
नऊ वर्षं त्याच बेंचांवर उभा होतो
फोरमनची शिट्टी गळ्यात घालून.
घरी आलो की सुलक्षा दारातच शर्ट काढायला लावायची,
बादलीतलं पाणी तीनदा लाल व्हायचं.
मग खाण बंद झाली.
शर्ट पांढरे राहू लागले
आणि त्या पांढऱ्याला आम्ही दोघं घाबरू लागलो.

ओडिशातली कंपनी म्हणते, मॅनेजरचं सर्टिफिकेट घेऊन ये.
मेहुणा म्हणतो, कळंगुटला ये,
हॉटेलाचे पंप, एसी, जनरेटर बघ,
ठरलेला पगार, रात्री घरी.
'रात्री घरी' तो दोनदा म्हणाला.
सुलक्षा काहीच म्हणत नाही.
सातवा महिना, एक उशी पाठीला, एक पोटाखाली,
जुनी प्रश्नपत्रिका दिव्याकडे धरून ती विचारते :
"स्ट्रिपिंग रेशो म्हणजे काय?"

एक टन खनिज हाती लागायला
आधी किती टन माती बाजूला करावी लागते, त्याचा हिशेब.
"आपल्याकडे किती होता?"
एकास तीन. शेवटी शेवटी चार.
"परवडायचं?"
भाव असला तर.

ती बोटं मोडत बसली थोडा वेळ.
"आणि ती माती? ती कुठे टाकता?"

डंप करतो, मी म्हणालो. पायथ्याला दगडी बांध,
उतार साडेसदतीस अंशांपेक्षा जास्त नको,
वर काजूची रोपं.
तिनं पेन्सिलीनं बरोबरची खूण केली.

स्नेहसंमेलनात मनवा कासव झाली होती.
मी व्हिडिओ पाहिला,
दीडपट वेगानं, लेक्चरं पाहायच्या सवयीनं.
माझं कासव धावतच स्टेजवरून गेलं.

आज तारीख आली : रविवार.
त्याच रविवारी सुलक्षाला फुलं माळायची.
भटजी दिवस बदलत नाहीत, सरकार तर नाहीच.
"तू जा," ती म्हणाली, "फुलं मला माळायचीत, तुला नाही."
मग आत जाऊन बराच वेळ भांडी घासली,
दुपारीच घासलेली.

एक वाजता वही मिटली.
वाटीत पाणी घेतलं, बोट बुडवलं,
हत्तीचा चेहरा ओला केला, सोंडेचं टोक ओलं केलं,
दाबून धरलं, श्वास रोखून,
सुरुंग उडायच्या आधी धरायचो तसा.
हत्ती काही बोलला नाही.
बाजूच्या खोलीत सुलक्षा कुशीवर वळली,
सावकाश, तिघांचं वजन सांभाळत :
तिचं, पोटातल्याचं, आणि मनवाच्या पायाचं,
जो झोपेत नेहमी आईवर असतो.

सकाळी मनवा हत्तीसमोर उभी, कमरेवर हात.
"कोणी हात लावला?"
मी ब्रश तोंडात घालून गप्प.
तिनं मान तिरकी करून पाहिलं,
एकदा इकडून, एकदा तिकडून.
"वाकडी बसलीये," ती म्हणाली.
"पण राहू दे."